डावी चप्पल

"आडव्या व्हा, बाई."

झोपल्यावर माझा गुडघा सरळच दिसतो, हे मला ठाऊक होतं. डॉक्टरांनी कोनमापक लावून आकडा लिहिला. मग उभं केलं. मी मांडी आवळून धरली, तोही आकडा बरा आला.

राहिलं चालणं. सहा महिन्यांपूर्वी एसटीच्या पायरीवरून पडले, तेव्हापासून चालताना डावा गुडघा बाहेर फेकला जातो. पण आज 'फिट' लिहून मिळालं नाही, तर कंडक्टर म्हणून मला पुन्हा गाडीवर घेणार नव्हते. दात घट्ट दाबून मी खोलीत दहा पावलं टाकली. गुडघ्याला हलू दिलं नाही.

"छान चालता की!" डॉक्टरांनी सही केली.

मी शेवटची पेशंट. कागद घेऊन निघाले, तर तेही जेवायला म्हणून मागोमाग आले. दाराबाहेर एकच जोड होता, माझा. डावी चप्पल बाहेरच्या कडेला झिजून पार कागद झालेली.

डॉक्टर वाकून बघतच राहिले. "या तुमच्या?"

"छे! माझा नवस आहे, मी अनवाणीच आले," तोंडातून निघून गेलं.

अंगणातली फरशी मे महिन्याच्या उन्हात तव्यासारखी तापली होती. तीन पावलं सरळ टाकली. चौथ्याला तळवा असा भाजला, की गुडघा आपसूक बाहेर गेला.

"बाई," मागून हलक्या आवाजात डॉक्टर म्हणाले, "चपला घाला. आणि तो कागद द्या इकडे."