एक ओरखडा नाही

जालिंदरने पाय दाबला. पायाखाली अॅक्सिलरेटर नव्हता, नुसता पत्रा होता. बस होती त्याच वेगाने चालत राहिली आणि मागून आलेली पांढरी कार हॉर्न मारत पुढे निघून गेली.

"जा बाबा," स्टिअरिंगवरची मोनिका स्वतःशीच म्हणाली आणि तिने गाडी आणखी जरा डावीकडे घेतली.

जालिंदरच्या कानशिलाची शीर ताडताड उडायला लागली. गाडी त्याच्या हातात असती, तर त्या कारला त्याने नगर येईपर्यंत पुढे जाऊ दिलं नसतं.

सुप्याच्या कारखान्यातली पहिली पाळी सुटली की कामगारांना नगरला आणणारी ही बस एकोणीस वर्षं त्याच्याकडे होती. महिन्यापूर्वी त्याच्या कमरेतला मणका सरकला. डॉक्टरांनी तीन महिने स्टिअरिंगला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. त्याच्या जागी मोनिका आली. आधी ती शाळेची व्हॅन चालवायची. जालिंदर पस्तीस मिनिटांत पोचवायचा, ही पन्नास घेते, असं त्याच्या कानावर आलं आणि त्याने थेट सुपरवायझर आप्पासाहेबांना फोन लावला.

"बाई बदला साहेब. माणसं आठ तास उभी राहून दमलेली असतात. त्यांना लवकर घरी पोचवायला नको?"

"एक दिवस बसून बघा आणि मला सांगा," आप्पासाहेब म्हणाले. "तुम्ही म्हणाल तसं करू."

म्हणून तो आज कमरेला पट्टा बांधून, ड्रायव्हरच्या मागे तिसऱ्या सीटवर बसला होता. तो कशाला आलाय ते मोनिकाला ठाऊक होतं. गाडीत चढताना "या काका" म्हणाली तेवढंच. त्यानंतर तिने मान वळवली नव्हती.

पुढच्या ट्रकच्या मागे तिने भरपूर जागा सोडली. त्या जागेत एक पिकअप घुसला. ती आणखी मागे राहिली. मग एक मोटरसायकल घुसली. ती पुन्हा मागे राहिली. जालिंदर मनातल्या मनात एकेक चूक मोजत होता. शेवटी त्याला राहवेना. कुणाला तरी दाखवावं म्हणून तो मागे वळला.

दाखवायला कुणी जागंच नव्हतं. पॅकिंगच्या पोरी एकमेकींच्या खांद्यावर माना टाकून झोपल्या होत्या. फिटर आसाराम डबा मांडीवर घेऊन, काचेला डोकं टेकून घोरत होता. जालिंदरच्या शेजारी बसलेल्या बनाबाईची मान तर हळूहळू त्याच्याच दंडावर आली होती. पन्नाशीची बाई. कारखाना सुरू झाला तेव्हापासून याच गाडीने येणारी-जाणारी.

गतिरोधक आला. मोनिकाने तो अलगद ओलांडला, तरी बनाबाई जागी झाली आणि ओशाळून पदर सावरू लागली.

"लई काम पडलं का आज?" जालिंदरने विचारलं. "सगळी गाडीच झोपलीय."

"रोजचंच काम हाय, भाऊ."

"मग?"

बनाबाई घुटमळली. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "हिच्या गाडीत डोळा लागतो. तुमच्या गाडीत लागत न्हाई."

जालिंदरला आधी हसूच आलं. "एकोणीस वर्षं झाली, बनाबाई. गाडीला एक ओरखडा नाही."

"गाडीला न्हाई, भाऊ."

त्याने कमरेचा पट्टा सारखा केला. म्हणाला, "मग सांगायचं नाही का कुणी?"

"सांगितलं हुतं की. मीच. लई वर्सं झाली. जरा हळू घ्या म्हनलं. तुमी म्हनला, बाई, मला शिकवू नका, आन् घाटात आनखी दाबली. पोरी रडायला लागल्या हुत्या. तवापासनं कुनी बोलत न्हाई. आमी आपले दांडी धरून बसतो."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. पाऊस पडला, ऊन पडलं, असं सांगावं तसं तिने ते सांगितलं आणि पुन्हा डोळे मिटले.

घाट लागला. मोनिकाने गिअर खाली घेतला आणि गाडी सावकाश उतरू लागली. जालिंदर आठवत राहिला. कुठल्या वळणावर कुणी कट मारला, कुठल्या टँकरने वाट दिली नाही, कुठल्या कारवाल्याला त्याने केडगावपर्यंत पाठलाग करून गाठलं, सगळं त्याला आठवत होतं. वर्षं, गाड्यांचे रंग, नंबरसुद्धा. बनाबाईचं बोलणं तेवढं आठवेना. रडणाऱ्या पोरी आठवेनात. एवढी माणसं रोज त्याच्या पाठीमागे बसत होती, आणि त्याचं सगळं लक्ष समोरच्या गाड्यांशी भांडण्यात गेलं होतं.

त्याला एकदम फार थकल्यासारखं वाटलं. कमरेपेक्षा खांदेच जास्त दुखत होते.

नगरला शेवटच्या थांब्यावर माणसं डोळे चोळत उतरली. गाडी रिकामी झाली. मोनिकाने इंजिन बंद केलं, पण ती जागची हलली नाही.

"बावन्न मिनिटं झाली, काका," ती समोरच बघत म्हणाली. "मला माहितीय."

तेवढ्यात जालिंदरचा फोन वाजला. आप्पासाहेब होते. बंद गाडीत त्यांचा आवाज मोनिकालाही ऐकू येत होता.

"काय, बघितलं का? टाकू का सोमवारपासून दुसरा ड्रायव्हर?"

"नको साहेब. गाडी हिच्याकडंच राहू द्या."

"बरं. आणि तुम्ही कधी येताय कामावर?"

जालिंदर समोरच्या सीटचा आधार घेत सावकाश उठला.

"उद्यापासून येतो, पण नुसता मागं बसायला. गाडी चालवता यायला लागली, की सांगतो."