बिनमाइकचं गाणं

गाणं सुरू होऊन पाच मिनिटं झाली आणि चुडामणची खात्रीच पटली. रतिलाल लोकांना गंडवत होता.

धुळ्यातलं मंगल कार्यालय दुपारीच भरलं होतं. स्टेजवर रतिलाल एकटा, पुढ्यात पेटी. त्याचा ढोलकीवाला अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेला, त्याच्या उपचारासाठीच हा कार्यक्रम. ढोलकीवर दुसरा कुणी बसणार नाही, आणि गाणं माइकशिवाय होईल, असं पत्रिकेतच छापलेलं. चुडामणला तिथेच शंका आली होती. गळा धड असता तर माइक कशाला टाळला असता?

वीस वर्षं तो या आवाजावर जीव टाकत आला होता. आधी टेपवर, मग मोबाइलवर, आवाज पुरता चढवून. कापसाच्या जिनिंग कारखान्यातून घरी आला की भाकरीच्या आधी रतिलाल. एकदा तरी समोर बसून ऐकायचं, एवढी एकच हौस उरली होती. आणि हा बाबा ओठांतल्या ओठांत पुटपुटत बसलेला! तसे हल्ली सगळेच पुटपुटत. सून पुटपुटे, बँकेतला साहेब पुटपुटे. लोकांना काहीतरी लपवायचं असतं, हे चुडामण केव्हाच ओळखून होता.

शेजारी हिलाल डोळे पुसत होता. दोघांनी एकाच जिनिंगमध्ये तीस वर्षं काढलेली, चुडामणने मशीनवर, हिलालने बाहेर गेटवर. हिलालला गाण्यातलं ओ की ठो कळत नसे. तो रडतोय म्हणजे नाटकच. तिकिटंही त्यानेच आग्रह करून घेतलेली. म्हणजे हाही सामील? चुडामणला संताप आला. त्याहून जास्त वाईट वाटलं.

तो उभा राहिला आणि ओरडला, "भाऊ, गळा बशेल शे तर सरळ सांग ना! लोकेस्ले कसाले फसाडस?"

सगळं कार्यालय वळून बघू लागलं. रतिलालची बोटं पेटीवर थांबली. पण तो चिडला नाही. स्टेजवरून खाली उतरला, चुडामणपुढे हातभर अंतरावर येऊन उभा राहिला आणि पुन्हा गाऊ लागला. मानेच्या शिरा फुगल्या, कपाळावर घाम आला.

हिलालने चुडामणच्या कानाला तोंड लावलं. मशीन चालू असताना ओरडायचा तसा ओरडला.

"चुडामण, खरं सांग. तुले आयकू येस का?"

"तो गाई तवय येई ना!"

पुढच्या खुर्चीत आईच्या खांद्यावर एक तान्हं पोर झोपलं होतं. ते दचकून जागं झालं. त्याचा चेहरा लालबुंद झाला, त्याने भलामोठा आ वासला. आई घाईघाईने त्याला थोपटू लागली. चुडामण त्या उघड्या तोंडाकडे बघत राहिला. त्यातूनही काही आवाज येत नव्हता.