तपासल्याची खूण

सकाळी अप्पांनी छातीवर नवी हृदयपट्टी चिकटवली आणि रोजच्या गोळ्या कपाटात ठेवून दिल्या.

“डॉक्टरांना विचारलंत?” त्यांच्या मुलीने, मृण्मयीने विचारलं.

“तुझ्याच पेपरात आलंय. झटक्याचा धोका नव्वद टक्के कमी. खाली ‘तपासणी : मृण्मयी केळुसकर’. डॉक्टर काय तुझ्यापेक्षा शहाणा?”

ती नुसती हसली. पेपरातल्या बातम्या आता यंत्र लिहीत असे. तपासल्याची खूण तेवढी माणसाने करायची.

चौथ्या दिवशी अप्पा झटक्याने गेले.

तेराव्यानंतर तिने मूळ अहवाल उघडला. पट्टीची चाचणी अकरा जणांवर झाली होती, तीही त्यांच्या गोळ्या चालू ठेवून.

“आता कशाला वाचतेस ते?” आई म्हणाली.

“तेव्हा वाचलाच नव्हता, आई. नुसती खूण केली होती.”