कबुतरांचा नवस

पाऊण तासाची मुलाखत म्हणून सांगितलं होतं, आणि दहाव्या मिनिटालाच दार उघडलं.

"मिसेस हॅलम, तुम्हीही जरा आत येता?"

नोरीनने मांडीवरची सँडविचची पिशवी उचलली आणि ती आत गेली. क्लिफ, तिचा नवरा, खुर्चीच्या कडेवर बसला होता. अंगात लग्नाकार्याचा कोट, हातात टोपी. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात हा चेहरा तिच्या चांगला ओळखीचा झाला होता. स्वारी कुठेतरी खरं बोलून बसली होती.

समोरच्या मिसेस ॲशवर्थ ना डॉक्टर होत्या ना नर्स. क्लिफ आपली एक किडनी कुणा अनोळखी माणसाला देतोय ती स्वखुशीने, कुणाच्या दबावाखाली नाही आणि कशाच्या बदल्यात नाही, एवढंच पाहायला कायद्याने नेमलेल्या बाई. त्यांचा अहवाल गेल्याशिवाय शस्त्रक्रिया होत नव्हती.

"मी यांना विचारलं, या दानाच्या बदल्यात कुणी काही देऊ केलंय का," त्या म्हणाल्या. "आजवर सगळे 'नाही' म्हणाले. हे 'हो' म्हणतात."

"हो म्हणालास?"

"विचारल्यावर सांगायला नको?" क्लिफ म्हणाला. "रविवारी तूच नाही का म्हणालीस? कबुतरं."

नोरीन मटकन खुर्चीत बसली. म्हणाली होती खरी.

आठ महिने तिने या खुळापायी डोकं फोडून घेतलं होतं. तपासणीसाठी दिवसभराची लघवी साठवायचा पाच लिटरचा कॅन तिच्या कोठीच्या खोलीत, जॅमच्या बरण्यांशेजारी येऊन उभा राहिला, तेव्हा तर तिने घर डोक्यावर घेतलं. "आणि किडनी जाणार कुणाला, तेही सांगायचे नाहीत! डोंगरापलीकडच्या एखाद्या हाडवैरी लँकेशायरवाल्याला लागली म्हणजे?" त्यावर क्लिफ शांतपणे म्हणाला होता, "त्यालाही मुतावं लागतंच की, नोरीन."

शेवटी रविवारी, जेवणाचं ताट त्याच्यापुढे ठेवताना तिच्या तोंडून निघून गेलं, "धडधाकट घरी आलास, तर पाळ पुन्हा परसात कबुतरं. मी खुराडं बांधून देईन." शर्यतीची कबुतरं म्हणजे क्लिफचा जीव की प्राण. वाळत घातलेल्या चादरी घाण करतात म्हणून सहा वर्षांपूर्वी तिनेच ती विकायला लावली होती. त्यांच्या चॅपेलात नवस बोलायची पद्धत नाही. पण तो नवसच होता, वरच्याने ऐकावा म्हणून बोललेला.

"खुराडं म्हणजे पैशाचीच वस्तू झाली," मिसेस ॲशवर्थ म्हणाल्या. त्यांनाही ते बोलताना बरं वाटत नव्हतं. "मला स्पष्ट सांगा. तुम्ही हे कबूल केलं होतंत? अजून कबूल आहे?"

एक 'हो', आणि बाराची बस पकडून दोघं घरी. सुरी नाही, टाके नाहीत, बाहेर बाकावर जीव मुठीत धरून बसणं नाही. आठ महिने तिने देवाकडे दुसरं काही मागितलंच नव्हतं. आणि ते 'हो' खरंही होतं.

"खरं ते सांग, नोरीन," क्लिफ म्हणाला. "माझ्याकडे बघू नकोस."

पण तिने बघितलंच. तो टोपीची कड बोटांनी चेपत होता. कबुतरांच्या टोपल्या विकत घेणाऱ्याच्या गाडीत चढल्या, त्या दिवशीही तो असाच टोपी चेपत अंगणात उभा होता.

"बोलले होते," नोरीन म्हणाली. "घाबरले होते म्हणून बोलले. याने किडनी द्यावी म्हणून नाही, देऊ नये म्हणून तर आठ महिने भांडतेय. आणि ते मी आता मागे घेते. काही मिळायचं नाही याला. कबुतराचं एक पीससुद्धा नाही."

"लेखी द्याल?"

नोरीनने पेन घेतलं. दोनच ओळी लिहिल्या. आपण बोललेला नवस आपणच सही करून मोडायचा, आणि याला सुरीखाली पाठवायचं. तिला भीती वाटली, फार वाटली. कागद सरकवून ती बाहेर जाऊन बसली.

अर्ध्या तासाने क्लिफ आला. "अहवाल पाठवतील. अडचण दिसत नाही म्हणाल्या." मग तो तिच्याबरोबर बसस्टॉपपर्यंत चालला.

बस यायला वेळ होता. नोरीनने सँडविचं काढली आणि जास्त लोणच्याचं त्याला दिलं.

"तुझा कागद वाचून दाखवला मला," क्लिफ म्हणाला. "'मी जिवंत आहे तोवर आमच्या परसात एकही कबूतर येणार नाही.' अगं, 'आत्ता नाही' लिहिलं असतंस तरी चाललं असतं त्यांना. 'जिवंत आहे तोवर' कशाला?"

"नीट ऐकलंस ना? मी आहे तोवर."

"म्हणजे नंतर..."

"नंतर पाळ की. शंभर पाळ." नोरीन रस्त्याकडे बघत होती. "पण त्यासाठी तुला माझ्यामागे राहावं लागेल, क्लिफ हॅलम. तेवढं जमव."