तिसरी पायरी

जुन्या इमारतींच्या दगड न् दगडाची नोंद कशी ठेवायची, याचं प्रशिक्षण ती घेत होती. सरावाला तिने जुन्या कोर्टाची इमारत निवडली, कारण तिथल्या दारावर पहारा देण्यात वडिलांची हयात गेली होती. पडद्यावर चहूबाजूंनी फिरवून बघता येईल असं चित्र टिपणारा स्कॅनर लावला त्या दिवशी ते इस्त्रीचा गणवेश घालून तिसऱ्या पायरीवर ऐटीत बसले आणि यंत्र फिरून थांबेपर्यंत जागचे हलले नाहीत.

"ठमे, आलो का गं मी त्यात?"

"आलात ना बाबा, अगदी टोपीसकट!"

ती खोटं बोलली नव्हती. पण वर्गात सरांचा दंडक होता: इमारत तेवढी ठेवायची, माणसं, कुत्री, सायकली हा सगळा कचरा, तो पुसून टाकायचा. तिने मन लावून पुसला. लॅपटॉप भरत आला होता, म्हणून मूळ स्कॅनही उडवला. "सफाई असावी तर अशी!" सर वर्गासमोर म्हणाले.

त्याच हिवाळ्यात, ध्यानीमनी नसताना, वडील गेले. भेटायला येणारे पांगल्यावर आई तिच्याजवळ येऊन टेकली.

"ह्यांना फोटोचं कायम वावडं. पण 'पोरीच्या कॉम्प्युटरात मी जसाच्या तसा बसलोय,' असं सगळ्यांना सांगत सुटले होते. दाखव ना गं एकदा."

नाही म्हणायला तिची जीभ रेटेना. तिने फाइल उघडली. पडद्यावर तिसरी पायरी आली, एकेका टवक्यासकट, धुतल्यासारखी लख्ख.

आईने डोळे पुसून चष्मा नीट केला.

 

"पायरी छान दिसतेय गं," ती म्हणाली, "आता जरा ह्यांच्याकडे फिरव ना."