डुगडुगतं स्टूल

"हात लावा ना, सगळं तुमचंच आहे!" विभावरी तिसऱ्यांदा इंग्रजीत म्हणाली. तरी परदेशांतून शिकायला आलेले वीस विद्यार्थी नव्या कार्यशाळेच्या दारात हाताची घडी घालून उभेच. हातांनी करून शिकावं म्हणून तिने वर्षभर खपून ही जागा आखली होती. पण नवेपणा जाऊ नये म्हणून शिपायाने स्टुलांवरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नव्हतं. उद्या उद्घाटन, आणि कार्यशाळेचं पार संग्रहालय झालं होतं!

घानाची अबेना दबकत एका स्टुलावर टेकली. ते डुगडुगलं. स्टुलं बनवणारे पांचाळ मिस्त्री ओशाळून धावले, "उठा ताई, आत्ता ठोकून देतो."

पण अबेनाने स्टूल उलटं केलं, सैल पाय हलवून पाहिला आणि हातोडीसाठी हात पुढे केला. व्हिएतनामचा मुलगा पाय धरायला बसला, नेपाळची मुलगी पाचर तासू लागली. बघता बघता सगळे जमिनीवर! प्लास्टिक कधी फाटलं, कुणाला कळलंही नाही.

विभावरीला राहवेना. "काका, उरलेली सगळी स्टुलं खोला!"

"अहो मॅडम, उद्या पाहुणे बसणार कशावर?"

"ज्याला बसायचंय, त्याने आपलं स्टूल आपण जोडायचं!"