कुत्रं मरतं तिथं

"सिनेमा कुठला आवडतो?" हौशीरामांनी विचारलं आणि पोह्यांची बशी धरून बसलेला मोहित सावरून बसला.

हा प्रश्न येणार हे अवसरीत पोराटोरांनाही ठाऊक होतं. त्यांच्या नातीला, संस्कृतीला बघायला आलेल्या मुलाचं शेत, शिक्षण, पगार बाकीचे विचारत. आजोबा फक्त सिनेमाचं विचारत आणि शब्द त्यांचाच शेवटचा. मागचा मुलगा चांगला इंजिनियर होता. पण मोबाइलवर सिनेमा पुढे पळवत बघतो म्हणाला.

"पळवत बघणारा गडी संसारात काय थांबायचा?" म्हणून आजोबांनी त्याला वाटेला लावलं. पुढे तोच मुलगा दुसरीकडचा साखरपुडा मोडून मोकळा झाला, तेव्हा सगळ्या गावानं हौशीरामांना मानलं. मानावंच असा माणूस होता.

ही पारख त्यांना जत्रेनं दिली. मेंढरं राखायच्या दिवसांत गावच्या जत्रेत एका मेंढपाळाचा सिनेमा लागला होता. त्यातलं कुत्रं मरतं तिथं हौशीराम रडले. शेजारी बसलेला अनोळखी पोरगाही हमसून रडत होता. तो गोरख. तेव्हापासून दोघांत कधी वाकडा शब्द गेला नाही. आजही गोरख त्यांच्या मांडीला मांडी लावून बसला होता.

साळुबाईंशी मात्र त्याच सिनेमावरून लग्नापासूनचं भांडण. तेव्हा मैदानाच्या मधोमध पडदा लावत. सिनेमाच्या मशीनच्या बाजूला पुरुष, पडद्यामागं बाया. त्यामुळे बायांना सगळं उलटं दिसे. पण साळुबाईंना हे कोण पटवणार? सिनेमातला मेंढपाळ डावखुराच होता, असं त्या अजून शपथेवर सांगत. बाई हटत नाही, हे हौशीराम चारचौघांत कौतुकानं सांगत.

साळुबाई आज आतच होत्या. गुडघे दुखतात म्हणून संस्कृती त्यांना दर आठवड्याला मंचरच्या दवाखान्यात नेई, तरी फरक नव्हता.

"एक जुना हाय," मोहित म्हणाला. "मेंढपाळाचा. मी बघितला न्हाई, आता तो कुठं मिळतबी न्हाई. आमच्या आजोबांनी लहानपणी सांगितला व्हता. कुत्रं मरतं तिथं मला लई रडू यायचं."

गोरखनं हौशीरामांचा हातच धरला.

मोहितचे वडील ज्ञानेश्वर शिनोलीहून आले होते. ते मुलाकडे बघतच राहिले. "आमच्या आबांना सिनेमाचा नाद व्हता, हे मला आजच कळतंय राव."

"असतंय, असतंय," हौशीरामांनी डोळे पुसले. "आन् तुझं काम काय म्हणालास?"

"मंचरला मेडिकल हाय. दवाखान्याच्या खालीच."

हौशीरामांना ते नीट ऐकूही आलं नसावं. इतक्या वर्षांनी त्यांना त्या कुत्र्यासाठी रडणारं तिसरं माणूस भेटलं होतं. दाराशी उभ्या संस्कृतीनं ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. मुलगा तिच्या मनात भरला होता, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. आता आजोबांनी हो म्हणायचं तेवढं बाकी होतं.

"मग शेवटच्या मारामारीत त्यानं काठी कशी फिरवली, ते दाव बरं."

मोहितनं बशी खाली ठेवली. कोपऱ्यातली आजोबांची काठी उचलली आणि डाव्या हातानं गरकन फिरवली.

"अशी. डावखुरा व्हता ना त्यो."

गोरखचं तोंड उघडंच राहिलं. हौशीरामांनी काठीकडे बघितलं. मग त्यांनी संस्कृतीकडे बघितलं. ती पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. मग त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं आणि मिशीतल्या मिशीत हसले.

"पोरगा पसंत हाय," ते मोठ्यानं म्हणाले. "फकस्त एक सांगा पावणं. तुमचं आबा जत्रंत बायांमदी बसायचं का?"

आत साळुबाईंच्या हातातून बशी निसटली.